बिघडली एक कॉइल, मग अख्खा डॅशबोर्ड का उतरवायचा?

एप्रिल उजाडला की माझ्या गॅरेजमध्ये एक वाक्य दिवसातून दोन-तीनदा ऐकू येतं. "एसीचा गॅस मागच्याच महिन्यात भरला होता हो, परत कसा गेला?" गाडी तपासून झाल्यावर बऱ्याचदा माझं उत्तर एकच असतं आणि ते ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो. कूलिंग कॉइल, म्हणजे एसीची हवा गार करणारी जाळी, लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल.

परवा दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. सात वर्षं वापरलेली, जिवापाड जपलेली गाडी. माझं बोलणं ऐकून ते म्हणाले, "भाऊ, करंगळी दुखते म्हणून कुणी खांदा उघडतं का?" त्यांच्या मनात शंका होती आणि ती रास्तच होती. एवढ्याशा जाळीसाठी स्टिअरिंगपासून म्युझिक सिस्टीमपर्यंत सगळं उचकटायचं, दोन दिवस गाडी अडकवायची आणि वर भलंमोठं बिल द्यायचं, हे कुणालाही सहज पटणार नाही. मी त्यांना उघडलेल्या दुसऱ्या एका गाडीपाशी नेलं आणि अर्धा तास समजावलं. तेव्हा कुठे पटलं. नाशिकमध्ये गाड्यांच्या एसीचं काम करत मला वीस वर्षं होत आली, पण प्रत्येकाला देता येईल असा अर्धा तास मिळत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

## गॅस संपत नसतो

सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. स्वयंपाकाचा सिलिंडरही जळतो म्हणून संपतो. एसीचा गॅस जळत नाही, खर्च होत नाही. विहिरीवरचा रहाट आठवा. तीच गाडगी खाली जातात, भरून वर येतात, रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. गाडगी काही संपत नाहीत. एसीचा गॅसही तसाच बंद नळ्यांमधून फिरतो, आतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो.

नळ्यांच्या जोडांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते धरून चालावं. पाच-सहा वर्षांनी थंडावा जरासा कमी झाला आणि थोडा गॅस घालावा लागला, तर त्यात काळजीसारखं काही नाही. पण महिनाभरात, तीन महिन्यांत गॅस गेला तर कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता पुन्हा गॅस भरणं म्हणजे पंक्चर ट्यूबमध्ये हवा भरत राहणं. पैसे तर जातातच, शिवाय गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर पडतं. तेल कमी झालं की कॉम्प्रेसर आतून घासतो, आणि कॉम्प्रेसर हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत महाग भाग.

## थंडी नेमकी कुठे तयार होते?

इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटतं. स्पिरिट उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तेही याच तत्त्वावर. द्रवाची वाफ होते तेव्हा तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो.

आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए नावाचा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो. बोनेटखालचा कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबल्यामुळे तापलेला गॅस गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये येतो, वाऱ्यावर निवतो आणि द्रव होतो. पुढे एका बारीक छिद्राच्या वॉल्व्हमधून तो एकदम मोकळ्या जागेत सुटतो आणि उकळायला लागतो. ही मोकळी जागा म्हणजे कूलिंग कॉइल. ती ॲल्युमिनियमची असते, पातळ नळ्या आणि पत्र्याच्या बारीक पात्यांची जाळी, आकाराने साधारण जाडजूड वहीएवढी. तिच्या अंगावरून ब्लोअर हवा ढकलतो आणि ती गार हवा तुमच्या तोंडावर येते.

म्हणजे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पंखा हे सगळं बोनेटखाली असतं, हाताला लागतं. कॉइल मात्र बोनेटखाली ठेवून चालत नाही. गार हवा जिथे हवी तिथेच ती असावी लागते. म्हणून ती डॅशबोर्डच्या पोटात जाते.

## डॅशबोर्डच्या पोटात काय काय आहे?

तुमच्यासमोर जो सुबक डॅशबोर्ड दिसतो तो खरं तर एक झाकण आहे. त्याच्या मागे काळ्या प्लॅस्टिकची एक मोठी पेटी असते. तिच्यात ब्लोअर असतो, कूलिंग कॉइल असते, हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि हवेला वाट दाखवणाऱ्या दोन-तीन झडपा असतात. एक झडप हवा बाहेरून घ्यायची की आतलीच फिरवायची ते ठरवते. दुसरी गरम आणि गार हवेचं प्रमाण ठरवते. तिसरी हवा पायावर सोडायची, तोंडावर की काचेवर ते ठरवते. नव्या गाड्यांत या झडपा छोट्या मोटरी फिरवतात. गाडी सुरू करताना डॅशबोर्डमधून टक-टक-टक आवाज येत असेल, तर बहुधा यातल्या एखाद्या मोटरीचा प्लॅस्टिकचा दात तुटलेला असतो.

ही पेटी फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि आपण यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला, बोल्टने घट्ट बसवलेली असते. तिच्यापुढे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जाणारी लोखंडी आडवी तुळई. स्टिअरिंगचा दांडा त्या तुळईला टांगलेला. तिच्यावर वायरिंगचं जाळं, एअरबॅग, मीटर, आणि सगळ्यात शेवटी आपल्याला दिसतो तो डॅशबोर्ड.

कारखान्यात गाडी तयार होते तेव्हा हे सोपं असतं. बऱ्याच ठिकाणी तुळई, पेटी, वायरिंग आणि डॅशबोर्ड हे सगळं बाहेरच जोडून घेतात आणि दाराच्या मोकळ्या चौकटीतून एकसंध आत सरकवतात. त्या वेळी सीट नसतात, दारं नसतात, काचही नसते. काही मिनिटांचं काम. दुरुस्तीच्या वेळी मात्र या सगळ्या गोष्टी जागेवर असतात आणि त्यांच्या मधून वाट काढत मागे जावं लागतं. बाथरूममध्ये टाइल्सच्या आतली पाइप गळायला लागली तर पाइपचा तुकडा शंभर-दोनशे रुपयांचा असतो, पण टाइल्स फोडणं आणि परत बसवणं हाच खरा खर्च. इथेही हिशोब तोच. कॉइल बदलायला मला वीस मिनिटं लागतात. तिच्यापर्यंत पोहोचायला चार ते सहा तास आणि परत सगळं जिथल्या तिथे बसवायला त्याहून थोडे जास्त.

## पूर्वीच्या गाड्यांत असं नव्हतं, मग आता का?

हा प्रश्न जुनी माणसं हमखास विचारतात. ते चूक नाहीत.

अमेरिकेत १९३९ साली पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली, तेव्हा तिची कूलिंग कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या जागेत होती. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि पद्मिनीला लोक एसी बसवून घ्यायचे तो डॅशबोर्डच्या खाली लटकणारा चौकोनी डबा असायचा. चार स्क्रू काढले की डबा हातात. मारुती ८०० मध्येसुद्धा कॉइलची पेटी डाव्या बाजूला, ग्लव्ह बॉक्सच्या मागे वेगळी होती. ग्लव्ह बॉक्स काढला, पाइप सोडले की ती बाहेर येई.

पुढे गाड्यांना गरम-गार हवेचं मिश्रण हवं झालं, काचेवर हवा हवी झाली, पाय ठेवायला जागा हवी झाली, अपघातात पाय वाचवायला मजबूत तुळई आणि छाती वाचवायला एअरबॅग हवी झाली. ब्लोअर, कॉइल आणि हीटर एकाच पेटीत एकत्र आले आणि पेटी मधोमध, सगळ्यांच्या मागे गेली. गाडी जास्त सुरक्षित आणि आरामाची झाली, दुरुस्तीला मात्र अवघड झाली. दुरुस्तीचा विचार आराखडा करतानाच थोडा जास्त व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. काही कंपन्यांनी तो केलेलाही आहे. त्यांच्या काही मॉडेल्समध्ये कॉइल आजही बाजूने ओढून काढता येते.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, "या मॉडेलला डॅशबोर्ड उतरवावाच लागतो का?" जाणकार मेस्त्री गाडीचं नाव आणि साल ऐकूनच सांगतो.

## कॉइल बिघडते तरी कशाने?

दिंडोरीच्या त्या काकांना मी जी कॉइल दाखवली, ती डाव्या बाजूला राखाडी आणि उजव्या बाजूला जवळजवळ काळी होती. पात्यांमध्ये नमद्यासारखा थर जमला होता. मी चिमट्याने थोडा उपटून पांढऱ्या कागदावर ठेवला. त्यात गुलमोहराची बारीक पानं होती, कुत्र्याचे केस होते, मातकट धूळ होती आणि हे सगळं तेलाने चिकटलेलं होतं. हे तेल कॉम्प्रेसरचं. गॅस बाहेर पडताना ते सोबत आणतो, म्हणून जिथे तेलकट डाग तिथे लीक. डाग पुसला तर खाली ॲल्युमिनियमवर सुईच्या टोकाएवढे पांढरे खड्डे दिसले.

एसी चालू असताना कॉइलवर हवेतल्या दमटपणाचं पाणी धरतं, गार ग्लासवर बाहेरून थेंब येतात तसंच. ते पाणी खालच्या नळीतून रस्त्यावर गळतं. पण जाळीत पालापाचोळा आणि धूळ बसली असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि कॉइल दिवसरात्र ओली राहते. ओली घाण आणि ॲल्युमिनियम एकत्र राहिले की धातू हळूहळू खाल्ला जातो आणि खड्डा आरपार जातो.

गुलमोहराची पानं आत आली कशी? पुढच्या काचेखाली, वायपरपाशी जी जाळी असते तिथून गाडी बाहेरची हवा घेते. झाडाखाली गाडी उभी केली की पानं तिथे साचतात. एसीचा फिल्टर असेल तर ती तिथे अडतात. त्या काकांना दाखवलेल्या गाडीत फिल्टरची जागा होती, फिल्टरच नव्हता. कधीतरी कुणीतरी काढून टाकला होता. काढल्यावर हवेचा झोत वाढतो आणि ग्राहक खूश होतो, आणि त्या खुशीची किंमत पाच वर्षांनी कळते. सध्या सिंहस्थाच्या तयारीत शहरभर रस्त्यांची कामं निघाली आहेत. अशा धुळीत पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच फिल्टर बघावा. बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्स खाली घेतला की दोन मिनिटांत तो हातात येतो.

## लीक कॉइलमध्येच आहे हे कशावरून?

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. डॅशबोर्ड उतरवण्याआधी लीक कॉइलमध्येच आहे हे सिद्ध व्हायला हवं. अंदाजावर डॅशबोर्ड उतरवणं हा ग्राहकावर अन्याय आहे. मी हे ठामपणे लिहितो, कारण सुरुवातीच्या काळात माझ्या हातूनच तो झाला आहे. नाशिकरोडच्या एका शिक्षकांची गाडी होती. बाहेर कुठे लीक सापडलं नाही, म्हणून "मग आतच असणार" असं म्हणत मी डॅशबोर्ड उतरवला. कॉइल धडधाकट निघाली. लीक कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, बंपरच्या आड होतं. मी मजुरी घेतली नाही, पण त्यांचे दोन दिवस मी परत देऊ शकलो नाही. त्यानंतर पुराव्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही.

पुरावा मिळवण्याच्या तीन-चार पद्धती आहेत. साबणाचं पाणी बाहेरच्या जोडांवर मारून बुडबुडे बघतात, पण कॉइलपर्यंत ते पोहोचत नाही. दुसरी पद्धत, सिस्टीममध्ये नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघणं. पाइप फायरवॉलपाशी सोडून कॉइलची बाजू वेगळी केली आणि तेवढ्याच भागात नायट्रोजन भरला, तर काटा उतरतो की थांबतो यावरून निकाल लागतो. वेळ जातो, पण शंका उरत नाही. तिसरी, हाताने धरायचं यंत्र. ते गॅसचा वास घेतं आणि बीप करतं. गाडी थोडा वेळ बंद ठेवून त्याचं टोक ब्लोअरच्या कप्प्यात किंवा कॉइलच्या पाण्याच्या नळीशी धरतात. आर-१३४ए हवेपेक्षा जड असल्यामुळे कॉइलमधून निसटलेला गॅस खाली, त्या नळीतच उतरतो. चौथी, गॅससोबत चमकणारा रंग सोडून काही दिवस गाडी चालवायची आणि मग निळसर दिव्याने बघायचं. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी पोपटी चमक दिसली की कॉइलने स्वतःच कबुली दिली.

तुम्ही मेस्त्रीला एवढंच म्हणा, "दादा, लीक कुठे आहे ते मला दाखवा." त्याला राग येण्याचं कारण नाही. जो दाखवू शकतो तो आनंदाने दाखवेल.

## लीक बंद करणारं औषध घालून भागणार नाही का?

ट्यूबमध्ये घालतात तसं एसीत घालायचं द्रव मिळतं, हे खरं. ते भोकाशी जाऊन घट्ट होतं असा दावा असतो. पण वॉल्व्हचं छिद्र मुळातच बारीक असतं, तिथेही ते घट्ट होऊ शकतं. मग कॉइलसोबत वॉल्व्ह जातो, नळ्या धुवाव्या लागतात आणि गॅस काढून घेणारं यंत्रही बिघडू शकतं. मी ते वापरत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे आर-१३४ए च्या नावाखाली दुसराच गॅस भरणं. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातकुळीतला गॅस थंडावा देतो आणि स्वस्तही पडतो, पण तो पेट घेतो. गळकी कॉइल नेमकी तुम्ही बसता त्या बंद डब्यात आहे. तिथे पेटणारा गॅस भरणं म्हणजे मुलाबाळांना घेऊन गळक्या सिलिंडरशेजारी बसणं. डबा कोणता, त्यावर नाव काय, हे बघितल्याशिवाय गॅस भरू देऊ नका.

पेटी कापून कॉइल काढण्याचीही एक युक्ती काही जण करतात. डॅशबोर्ड न उतरवता पेटीला बाजूने खिडकी पाडायची, कॉइल बदलायची आणि खिडकी सिलिकॉनने चिकटवायची. काही गाड्यांत ते जमतं. पण चिकटवणूक सुटली की गार हवा डॅशबोर्डच्या आत फिरते, पाणी वायरिंगवर पडतं, आणि हे कळतं तेव्हा पावसाळा आलेला असतो. वेळ वाचतो हे कबूल. माझ्या स्वतःच्या गाडीला मी तसं करणार नाही.

## उतरवताना काय काय होतं?

आधी यंत्राने सिस्टीममधला उरलेला गॅस काढून घेतात. तो हवेत सोडू नये. हवेत सोडलेला एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशोबात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. छोट्या गाडीत अर्धा किलोच्या आसपास गॅस असतो. तेवढा सोडणं म्हणजे जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. पैशाने छोटी आणि परिणामाने मोठी अशी ही गोष्ट आहे, आणि दुर्दैवाने अनेक ठिकाणी नुसता पाइप सोडून गॅस मोकळा करतात.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची आणि थांबायचं. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठलेली असते, बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून. ती उतरेपर्यंत कंपनीच्या पुस्तकात दिलेली मिनिटं मोजूनच पुढे जायचं. मग इंजिन थंड ठेवणारं कूलंट काढायचं, फायरवॉलपाशी हीटरचे दोन पाइप आणि एसीचे दोन पाइप सोडायचे आणि त्यांची तोंडं लगेच बंद करायची, कारण उघड्या नळीत दमट हवा शिरली तर पुढे त्रास होतो.

आता आत. स्टिअरिंग, मीटर, म्युझिक सिस्टीम, मधला कन्सोल, ग्लव्ह बॉक्स, दोन्ही बाजूंच्या खांबांवरची आच्छादनं. प्रत्येक कनेक्टर सोडताना फोटो. स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, एकेका खड्ड्यावर नंबर घालून, कारण दिसायला सारखे स्क्रू लांबीला वेगळे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की मागची वायर फोडतो. काही गाड्यांत दोन बोल्ट बाहेरून, वायपरच्या खालून असतात. ते राहिले आणि डॅशबोर्ड ओढला तर तो तडकतो. शेवटी दोन माणसं दोन दारांतून उभी राहतात आणि तो अलगद मागे घेतात. हे एकट्याचं काम नव्हे.

## नंतर खडखड येणार नाही ना? एअरबॅगचं काय?

ही भीती खरी आहे. डॅशबोर्ड उतरवलेली गाडी खड्ड्यात खडखडते हे मी नाकारणार नाही. पण खडखड डॅशबोर्ड उतरवल्यामुळे येत नाही, क्लिपा तुटल्यामुळे आणि स्क्रू कमी लावल्यामुळे येते. प्लॅस्टिकच्या क्लिपा तापून ठिसूळ होतात, काढताना काही तुटतातच. त्या नव्या घालायच्या असतात आणि त्या अगदी स्वस्त असतात. जिथे फोमच्या पट्ट्या होत्या तिथे त्या परत लावायच्या. ट्रेमध्ये एकही स्क्रू उरता कामा नये.

चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आणि नव्या मॉडेल्सना शेजारच्या सीटची १ एप्रिल २०२१ पासून. ही दुसरी एअरबॅग डॅशबोर्डच्या आतच असते. म्हणून तिचा पिवळा कनेक्टर नीट बसलाय का हे बघायला हवं. तुम्हीही तपासू शकता. चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तरी चूक, लागून राहिला तरी चूक. अशी गाडी घरी नेऊ नका.

## नाशिकमध्ये हीटर कशाला?

"हीटर लीक असेल तर पाइप बाहेरच्या बाहेर जोडून टाका, आपल्याला कुठे लागतो," असं पुष्कळ जण म्हणतात. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो ते दरवर्षी पेपरात येतं, पण थंडी बाजूला ठेवू. जुलैमध्ये कसाऱ्याचा घाट आठवा. पाऊस, ढग उतरलेले, आणि आतून काच धुरकट. ती काच साफ होते ती एसी आणि हीटर दोघांच्या मदतीने. एसी हवेतला दमटपणा काढतो आणि हीटर ती कोरडी हवा गरम करून काचेवर सोडतो. घाटात ट्रकच्या मागे असताना काच दिसणं हा चैनीचा विषय नाही. गाडी अडली असताना दोन-चार दिवस पाइप बाहेरून जोडणं मी समजू शकतो, कायमचं नाही.

हीटर म्हणजे इंजिनच्या कूलंटवर चालणारा छोटा रेडिएटर. त्यातून ९० अंशांच्या आसपास तापलेलं कूलंट फिरतं. तो गळायला लागला की गाडीत गोडसर वास येतो, काचेवर चिकट धुकं धरतं, शेजारच्या सीटच्या पायाखालची चटई ओली होते आणि कूलंटची पातळी उतरत जाते. इथे घाबरून जाण्याआधी एक करा. ओल्या चटईवर पांढरा टिश्यू दाबा. पाणी रंगहीन आणि बिनवासाचं असेल तर कॉइलच्या पाण्याची नळी तुंबली असण्याची शक्यता जास्त, आणि ते काम गाडीखालून थोडक्यात होतं. हिरवट, गुलाबी, चिकट असेल तर हीटर. आणि कूलंट विषारी असतं. त्याच्या गोड चवीमुळे लहान मुलं आणि कुत्री ते चाटू शकतात, म्हणून सांडलेलं लगेच धुऊन काढा.

हीटर बिघडण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे कूलंटच्या जागी ओतलेलं बोअरचं पाणी. त्यातला क्षार हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि गंज धरतो.

## एकदा उघडलंच आहे तर

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. मजुरी पेटीपर्यंत पोहोचण्याची आहे. म्हणून पेटी उघडलेली असताना तिच्यातलं जे थकलेलं आहे ते त्याच वेळी बदलावं. वॉल्व्ह, जोडांतल्या सगळ्या रबरी ओ-रिंग आणि गॅसमधली ओल शोषणारी ड्रायर बॉटल हे तर कॉइलसोबत बदलायलाच हवं. हीटर जुना असेल, त्यावर पांढरे डाग असतील, तर तोही. झडपांवरचा फोम गळून पडत असेल तर नवा लावावा. झडपेची मोटर कुरकुरत असेल तर तीही.

"म्हणजे बिल वाढवायची संधी," असं वाटू शकतं. यावर माझा नियम सोपा आहे. जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यायचा आणि का बदलतोय ते दाखवायचं. दिसायला चांगला असलेला ब्लोअर मी बदला म्हणत नाही, तो बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड न उतरवता खालून निघतो. हीटर मात्र पुढच्या वर्षी गळला तर हेच दोन दिवस आणि हीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

कॉइल कंपनीची घ्यावी की बाजारातली? शिंगाडा तलावाच्या आसपास फिरलात तर एकाच गाडीची कॉइल तीन-तीन भावांत मिळेल. एरवी बाजारातल्या चांगल्या मालाला माझी हरकत नसते. इथे मात्र मी कंपनीच्या कॉइलसाठी हात आखडत नाही, कारण जाळीत वाचवलेल्या दीड-दोन हजारांसाठी पुन्हा डॅशबोर्ड उतरवण्याची जोखीम असते.

अशीच वेळ आता ट्रकवाल्यांवरही येईल. २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. लासलगावचा कांदा भरून मे महिन्यात दक्षिणेकडे जाणाऱ्या चालकाला हा न्याय फार उशिरा मिळाला. पण त्यांच्याही पेटीत तीच कॉइल आहे आणि धूळ आपल्यापेक्षा जास्त. फिल्टरचं महत्त्व त्यांना पहिल्या दिवसापासून कुणीतरी सांगायला हवं.

## गाडी ताब्यात घेताना

गॅस भरण्याआधी सिस्टीममधली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने किमान अर्धा तास ओढली का, ते विचारा. पंप बंद केल्यावर काटा जागेवर थांबला का, तेही. गॅस दाबाच्या काट्याच्या अंदाजाने भरलेला नको, वजनाने हवा. किती ग्रॅम ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बिलावर तोच आकडा बघा.

मग गाडी सुरू करा आणि एसी लावून दहा-पंधरा मिनिटं उभी राहू द्या. सगळी बटणं, मागच्या काचेवरची धुकं घालवणारी जाळी, हॉर्न, इंडिकेटर, यूएसबी, एकेक लावून बघा. हवा पायावर, तोंडावर, काचेवर फिरवून बघा. हीटर पूर्ण गरम करून पुन्हा गार करा. मुंबई नाक्यापर्यंत एक चक्कर मारून या आणि खड्ड्यात कान देऊन ऐका. परत आल्यावर वाका आणि गाडीच्या खाली, शेजारच्या सीटच्या बाजूला बघा. तिथे स्वच्छ पाण्याचे थेंब पडत असतील तर कॉइल गार होतेय आणि तिची नळी मोकळी आहे.